दाराच्या आतला माणूस : पंढरपूर, मे १९४७

पंढरपूरच्या महाद्वारासमोर उभं राहिलं की दोन गोष्टी एकदम नजरेत भरतात. समोर देवळात चढणाऱ्या पायऱ्या, आणि त्यांतली पहिली नामदेवांची. पितळेने मढवलेल्या त्या पायरीवर वारकरी पाय देत नाही. तो वाकतो, हात लावून कपाळाला नेतो आणि ती ओलांडून वर जातो. पायरीच्या अलीकडे, रस्त्याच्या अंगाला, चोखोबांची, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या महार जातीतल्या संत चोखामेळ्यांची समाधी. मागच्या खेपेला गेले होते तेव्हा तिथे एक म्हातारी पाहिली. हातातली पिशवी तिने नातवाकडे दिली, समाधीवर कपाळ टेकलं, बराच वेळ तसंच ठेवलं, मग उठून पायरीला हात लावला आणि आत गेली. नातू पिशवी सांभाळत तिच्या मागे. कोणी अडवलं नाही, कोणी काही विचारलं नाही.

चोखोबा गेले १३३८ मध्ये, मंगळवेढ्याला. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली गाडल्या गेलेल्या मजुरांत तेही होते. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा वारकरी सांगतात. त्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली गेली. जिवंतपणी आत जाऊ न शकलेल्या मित्रासाठी नामदेवांना एवढीच जागा मिळवता आली. पुढे तीच हद्द ठरली. चोखोबांच्या जातीच्या वारकऱ्याने समाधीपर्यंत यायचं, तिथून हात जोडायचे आणि माघारी फिरायचं. ही हद्द सहाशे वर्षं टिकली. ती मोडण्यासाठी १ मे १९४७ रोजी एका माणसाने त्याच गावात अन्न सोडलं.

त्या माणसाचं नाव पांडुरंग सदाशिव साने. साने गुरुजी.

प्रेम, स्वागत, समता हे शब्द धर्माच्या गोष्टी बोलताना आपण फार सहज वापरतो. सगळ्यांना पोटाशी धरा, हे कीर्तनात ऐकतो, प्रार्थनेत म्हणतो, आणि म्हणताना आपला भावही खरा असतो. पण एका ठरावीक दारापाशी हे पोटाशी धरणं नेमकं कोणी करायचं, त्याची किंमत कोणी मोजायची, आणि दार उघडल्यावर काय उरतं, असे प्रश्न आले की आपली जीभ अडखळते. पंढरपूरच्या प्रकरणात हे तिन्ही प्रश्न उघड्यावर आले, म्हणून ते मुळापासून पाहण्यासारखं आहे. (त्या काळच्या कागदपत्रांत आणि कायद्यांत ‘हरिजन’ हा शब्द आहे. ज्यांना तो लावला गेला त्यांनी तो नाकारला, म्हणून कायद्याचं नाव सांगताना सोडून मी तो वापरणार नाही.)

वाळवंटात एक, गाभाऱ्यात दुसरं

वारीतलं चंद्रभागेचं वाळवंट म्हणजे भेदाभेद अमंगळ मानणाऱ्यांची जागा. कोण कोणाच्या पाया पडतो याला हिशेब नसतो. म्हातारा पोराच्या पायाला हात लावतो, पोरगं म्हाताऱ्याच्या, आणि दोघं एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. काल्याच्या लाह्या एकमेकांच्या तोंडात घातल्या जातात. हा अनुभव खरा आहे. तो घेतलेल्या माणसाला वारकरी पंथ समतेचा आहे हे पटवून द्यावं लागत नाही.

म्हणूनच देवळाची गोष्ट अधिक बोचते. वाळवंटातून दोन-चार गल्ल्या चढून महाद्वाराशी आलं की त्याच माउलींतल्या काहींना थांबावं लागायचं. वारकऱ्यांना यातली विसंगती दिसत नव्हती असं मला वाटत नाही. त्यांनी मनाशी एक वाटणी करून घेतली होती. नामाचा अधिकार सगळ्यांना, मूर्तीचा बडव्यांना, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरेच्या पुजाऱ्यांना. वाळवंट आपलं, देऊळ त्यांचं.

पंढरपूरची एक खासियत या प्रकरणात फार महत्त्वाची आहे, आणि मंदिरप्रवेशाबद्दल बोलताना ती बहुधा सुटून जाते. बऱ्याच मोठ्या देवळांत भक्त गाभाऱ्याबाहेर थांबतो आणि मूर्तीला फक्त पुजारी शिवतो. पंढरपुरात तसं नाही. इथलं दर्शन म्हणजे पदस्पर्श. माणूस थेट विटेपर्यंत जातो आणि विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवतो. तासन्‌तास रांगेत उभं राहून शेवटी मिळतो तो क्षण इतका छोटा असतो की तोंडून नीट नावही निघत नाही. कपाळाला दगड लागतो, गार, थोडा ओलसर, आणि पाठीवर हात पडतो, चला पुढे. पण लागतो.

आता यात अस्पृश्यतेचा विचार करून पाहा. दुसरीकडे मंदिरप्रवेश म्हणजे सभामंडपापर्यंत येऊ देणं, लांबून पाहू देणं, असली मधली वाट काढता आली असती. पंढरपुरात ती नव्हती. इथे आत येणं म्हणजे शिवणं. ज्याच्या स्पर्शाने विटाळ होतो असं मानलं, त्याच माणसाचं कपाळ देवाच्या पायांना लागणार, आणि त्याच्या मागोमाग पुढच्या माणसाचं कपाळ त्याच पायांवर टेकणार. दार उघडलं तर विटाळाची कल्पना गाभाऱ्यातच मोडून पडणार होती. विरोध इतका चिवट का होता ते यातून कळतं, आणि गुरुजींनी याच देवळापाशी का ठाण मांडलं तेही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. मुंबई प्रांतात १९३८ मध्ये एक कायदा झाला होता. त्याने विश्वस्तांना ठराव करून मंदिर अस्पृश्यांना खुलं करण्याची मुभा दिली. सक्ती नव्हती, आणि बाहेरच्या माणसाला कुठला हक्कही नव्हता. म्हणजे सगळं आतल्यांच्या मर्जीवर. तिकडे त्रावणकोर संस्थानाने १२ नोव्हेंबर १९३६ लाच आपली देवळं सगळ्या हिंदूंना उघडली होती, आणि १९३९ मध्ये मदुरेचं मीनाक्षी मंदिर उघडलं. संतांची भूमी म्हणवणारा महाराष्ट्र मात्र अजून मर्जीची वाट पाहत होता.

तयारीचे महिने

गुरुजींचा पहिला विचार १९४६ च्या कार्तिकीला उपोषणाला बसण्याचा होता. सेनापती बापटांसारख्या ज्येष्ठांनी त्यांना थांबवलं. आधी लोकांकडे जा, त्यांना सांगा, मग बसा. गुरुजींनी ते मानलं आणि पुढचे काही महिने महाराष्ट्र पालथा घातला. राष्ट्र सेवा दलाची तरुण मुलं, त्यांचं कलापथक, गाणी, सभा. गावोगाव देवळं आणि पाणवठे खुले होऊ लागले.

मला हा टप्पा उपोषणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. उपोषणाची गोष्ट सांगायला सोपी असते. त्यात एक माणूस असतो, दिवसागणिक खालावणारी त्याची प्रकृती असते, आणि एक शेवट असतो. दौऱ्याची गोष्ट पसरट असते, तिला नाट्य नसतं. पण पंढरीचं दार उघडण्याआधी ज्या गावांनी आपल्या मारुतीचं, आपल्या विहिरीचं दार उघडलं, त्यांनी दुसऱ्या कोणावर बोट दाखवायच्या आत स्वतःचं घर आवरलं. आपल्या गावात विहीर खुली करणं हे दूरच्या बडव्यांना दोष देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. रोज तोंड बघायचं असतं.

गुरुजी लोकांपुढे कोण म्हणून उभे राहत होते, हेही पाहायला हवं. ते कोकणातल्या पालगडचे, ब्राह्मण घरातले. अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, घराघरांत वाचले जाणारे लेखक झाले. त्यांच्यासाठी पंढरपूरचं दार कधीच बंद नव्हतं. म्हणजे उपोषणाला बसला तो आत जाऊ शकणारा माणूस. बाहेर ठेवलेल्यांच्या वतीने त्यांनी काही मागितलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी आपल्याच माणसांच्या पापाचं प्रायश्चित्त घेतलं, असं म्हणेन.

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. स्वागत करणं ही आतल्या माणसाची जबाबदारी आहे. बाहेरच्याने आपली भक्ती सिद्ध करायची, स्वच्छता सिद्ध करायची, सहनशीलता सिद्ध करायची आणि मग आतल्याने उदार होऊन दार उघडायचं, ही रीतच उलटी आहे. चोखोबांनी भक्तीत काय कमी ठेवलं होतं? तरीही त्यांची जागा पायरीच्या अलीकडेच राहिली. उणीव आतल्यांत होती आणि ती आतल्यांनीच भरून काढायची होती.

दहा दिवस

उपोषणासाठी पंढरपुरात गुरुजींना जागा मिळेना. शेवटी तनपुरे महाराजांनी आपल्या मठाचं दार उघडलं. या गोष्टीवर मी थांबते, कारण साऱ्या प्रकरणातलं पहिलं स्वागत हेच आहे. तनपुरे महाराज वारकरी परंपरेतले. त्यांची उठबस, त्यांचा मान, त्यांचे श्रोते सगळे याच पंढरपुरात. गुरुजी उपोषण संपलं की निघून जाणार होते, महाराज मात्र तिथेच राहणार होते. सनातनी मंडळींचा रोष, कीर्तनाला पाठ फिरवणारी माणसं, हे त्यांनाच सोसायचं होतं. दार उघडणारे असे मधले लोक नसते तर सत्याग्रहाला बसायला ओसरीही मिळाली नसती. इतिहासात त्यांना एखादी ओळ मिळते.

गावात विरोधी मोर्चे निघाले. साने यांनी भीमेपार चालतं व्हावं, विठ्ठलाचं दार उघडणार नाही, अशा अर्थाच्या घोषणा दिल्या गेल्या. गुरुजींनी त्या माणसांचा द्वेष केला नाही. ती आपलीच आहेत ही त्यांची धारणा होती, आणि तिच्यावरच सगळं उपोषण उभं होतं.

मग गांधीजींची तार आली. उपोषण सोडा. मंदिरप्रवेशाचा कायदा होऊ घातला आहे, मग उपोषण कशासाठी, असं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं गेलं होतं. गुरुजींच्या आयुष्यात गांधीजींचं स्थान काय होतं हे वेगळं सांगायला नको. ज्याच्या शब्दावर तुरुंग पत्करला, त्याचाच शब्द आला होता. गुरुजींनी नम्रपणे नकार दिला. कायद्याने दार उघडेल, पण मन उघडेलच असं नाही, आणि आपण बसलो आहोत ते मनासाठी, अशी त्यांची भूमिका होती. श्रद्धेच्या माणसाला अधिकारी पुरुषापुढे नकार देणं किती जड जातं याची कल्पना करता येते. पण आज्ञा मोडूनही प्रेम राहतं, हे त्या नकारात दिसतं. उदार धर्मविचार म्हणतात त्याचं मर्म मला इथे सापडतं. शेवटचा निर्णय स्वतःच्या सदसद्विवेकाने घ्यायचा, आणि तो घेताना गुरूशी नातं तोडायचं नाही.

दादासाहेब मावळंकर मध्यस्थीसाठी पंढरपूरला आले. ते तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष होते आणि मराठी जाणणारे वकील होते. बडव्यांशी बोलणी झाली, कागद झाले, सह्या झाल्या. दहा दिवसांनी उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई सरकारने हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला आणि आत जाणं हा हक्क झाला, अडवणं हा गुन्हा. पुढे २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच रद्द केली.

दबाव होता का?

उपोषण म्हणजे जबरदस्ती, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. माझ्या मते तो टाळू नये. मरायला टेकलेला माणूस समोर असताना दिलेला होकार मोकळा कसा म्हणायचा?

याचं उत्तर शोधताना मला १९३२ चं येरवडा आठवतं. अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात गांधीजींनी तिथल्या तुरुंगात उपोषण केलं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्या उपोषणाचा सगळा भार कोणावर पडला? बाबासाहेब आंबेडकरांवर. ज्यांच्या लोकांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला त्यांच्या नेत्यालाच सांगितलं गेलं की आता एका माणसाचा जीव तुमच्या हातात आहे. गांधीजींचा हेतू काहीही असो, भार पडला तो आधीच वाकलेल्या खांद्यावर.

पंढरपुरात उपोषणाची दिशा उलटी होती. भार पडला तो आतल्यांवर, ज्यांच्याकडे नाकारण्याची ताकद होती त्यांच्यावर. म्हणून माझं मत असं की, दबाव होता का, या प्रश्नापेक्षा दबाव कोणाच्या अंगावर गेला, हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. सहाशे वर्षं दुसऱ्या बाजूवर असलेल्या दबावाला आपण ‘परंपरा’ म्हणत आलो. तो मोजायचा नाही आणि दहा दिवसांचा मात्र मोजायचा, हा न्याय नव्हे. तरीही एक गोष्ट कबूल करते. सह्या मिळाल्या म्हणजे मनं मिळाली असं नव्हतं, आणि गुरुजींना तर मनंच हवी होती.

घागर

पंढरपुरात आजही एक गोष्ट सांगितली जाते. देऊळ सगळ्यांना खुलं होणार हे ठरल्यावर काही बडव्यांनी विधिपूर्वक मूर्तीतलं देवाचं तेज पाण्याच्या घागरीत उतरवून घेतलं आणि ती घागर घरी नेली. गाभाऱ्यात उरला तो नुसता दगड, खरा देव आमच्याकडे.

प्रथम ऐकली तेव्हा मला राग आला. नंतर वाईट वाटलं. डोळ्यांसमोर आणून पाहा. ज्या घराण्याने शतकानुशतकं त्या मूर्तीला न्हाऊ घातलं, नटवलं, रात्री निजवलं, पहाटे जागवलं, त्यातला कोणी एक जण तिच्यासमोर बसून तिला निरोप देतो आहे, कारण उद्या तिच्या पायांवर एका चांभाराचं कपाळ टेकणार. त्याचं देवावर प्रेम नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पण ते प्रेम असं होतं की दुसऱ्या कोणी प्रेम केल्याने ते बाटत होतं. घागरीत मावेल एवढा देव त्याने पत्करला, पण दाराबाहेरचा माणूस पत्करला नाही.

दार उघडण्याऐवजी दुसरं काहीतरी हलवायचं, ही युक्ती फक्त पंढरपुरापुरती नव्हती. १९४७ चा मुंबईचा कायदा आल्यावर अहमदाबादला स्वामिनारायण संप्रदायाच्या काही अनुयायांनी १९४८ मध्ये दावा लावला की आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे, म्हणून हा कायदा आमच्या मंदिरांना लागू नाही. तिथे घागर नव्हती, पण चाल तीच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १४ जानेवारी १९६६ ला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी निकाल दिला. दावा फेटाळला गेला. मंदिरप्रवेशाची ही भीती अंधश्रद्धेतून, अज्ञानातून आणि स्वामिनारायणांचीच शिकवण न कळल्यातून आलेली आहे, असा त्या निकालाचा आशय होता. आपल्याच संताने काय सांगितलं होतं याची आठवण भक्तांना न्यायालयाने करून द्यावी लागली.

बाबासाहेबांचा प्रश्न

आत्तापर्यंतची गोष्ट सगळी दाराच्या आतून सांगितली. बाहेरून ती कशी दिसत होती?

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. हजारो माणसं उन्हातान्हात दारापुढे बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांनी तो लढा वर्षानुवर्षं चालवला. दार उघडलं नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून तो थांबवण्याचा सल्ला दिला. शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवायला हवी होती. त्याआधी फेब्रुवारी १९३३ मध्ये, मंदिरप्रवेशाच्या विधेयकाबद्दल बोलताना, त्यांनी स्पष्ट केलं होतं की देवळं उघडायची की नाहीत हा हिंदूंनी ठरवायचा प्रश्न आहे, त्यासाठी आपण आंदोलन करणार नाही. माणसाची पत राखणं हा सभ्यपणा वाटत असेल तर उघडा, नसेल तर बंद ठेवा, आम्हाला यायची गरज नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं बुद्धाच्या धम्मात गेली.

म्हणजे मे १९४७ मध्ये पंढरपूरचं दार उघडलं तेव्हा ज्यांच्यासाठी ते उघडलं त्यांच्यातल्या फार मोठ्या समूहाने त्या दाराकडे पाठ फिरवायला सुरुवात केलेली होती. हे वाक्य लिहिताना हात जड होतो, पण प्रकरणाचा अभ्यास करायचा तर ते लिहायलाच हवं. स्वागताला उशीर झाला तर पाहुणा येणं बांधील नसतो. त्याने दुसरीकडे घर बांधलं तर त्याला कृतघ्न म्हणण्याचा अधिकार यजमानाला नाही.

गुरुजी आणि बाबासाहेब यांत कोण बरोबर, असा वाद घातला जातो. मला तो निरर्थक वाटतो, कारण दोघं वेगवेगळ्या माणसांशी बोलत होते. बाबासाहेब आपल्या लोकांना सांगत होते की कोणाच्या दारात ताटकळू नका, माणूसपण कोणाकडून मागायचं नसतं. गुरुजी आपल्या लोकांना सांगत होते की दार बंद ठेवाल तर माणूसपण तुमचं जाईल. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. घोटाळा होतो तो माणसं अदलाबदल करतात तेव्हा. आतला माणूस जेव्हा बाबासाहेबांचं वाक्य उचलून म्हणतो, ‘त्यांनाच यायचं नाही, मग उघडायचं कशाला’, तेव्हा त्याने ते चोरलेलं असतं.

उदार धर्माची दुसरी वाट

महाराष्ट्रात या विचाराला एक जुनं नाव आहे, उदार धर्म. प्रार्थना समाज १८६७ मध्ये मुंबईत निघाला. त्यातूनच महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, युनिटेरियन या उदार ख्रिस्ती पंथातल्या मंडळींच्या साहाय्याने तौलनिक धर्मशास्त्र शिकले, १९०३ मध्ये अॅमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत भारतातल्या उदार धर्माबद्दल बोलले, आणि परत येऊन १८ ऑक्टोबर १९०६ ला त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढलं. या समाजाचं पंढरपुरातही काम होतं. टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठी, त्यांत विधवांची मुलंही आली, तिथे १८७५ मध्ये बालकाश्रम निघाला. ज्या गावात देव कटीवर हात ठेवून उभा, त्याच गावात कोणीतरी ओट्यावर सोडलेलं मूल उचलून घेत होतं.

पण प्रार्थना समाजाची एक मर्यादा होती. त्यांनी जुनं देऊळ बाजूला ठेवून आपलं नवं मंदिर बांधलं. तिथे मूर्ती नव्हती, विटाळ नव्हता, म्हणून भांडणही नव्हतं. सुशिक्षित, स्वच्छ, थोडी रिकामी जागा. बहुजनांचा विठ्ठल तिकडे गेला नाही. गुरुजींनी उलटी वाट धरली. त्यांनी नवा धर्म काढला नाही. जिथे लाखो पावलं आपसूक जातात त्या जुन्याच दारापाशी ते बसले. पंथ सोडून समतेकडे जाण्याची वाटही धैर्याची आहे. पण पंथात राहून, त्याच्याच संतांची आठवण देऊन त्याला जागं करणं जास्त कष्टाचं, कारण त्यात रोज आपल्याच माणसांशी झगडायचं असतं.

दारानंतर

दार उघडलं तरी गाभाऱ्यातली सत्ता जिथल्या तिथे होती. विठ्ठलाच्या पूजेचे हक्क बडव्यांचे, रुक्मिणीच्या पूजेचे उत्पात नावाच्या पुजारी घराण्यांचे. १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, त्याला न्यायालयात आव्हान मिळालं आणि खटला चाळीस वर्षं चालला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशपरंपरेचे हक्क रद्द होण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी मंदिर समितीने सगळ्या जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले आणि नेमणुका केल्या. आत येणं १९४७ ला, हातात आरती येणं २०१४ ला. मधली ६७ वर्षं फक्त दाराच्या गोष्टीने झाकली जातात.

म्हणून पंढरपुरातल्याच आणखी एका इमारतीबद्दल सांगते. गाडगेबाबांनी १९२० च्या आसपास तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. वारीला येणाऱ्या ज्या माणसांना कुठल्याच धर्मशाळेत पथारी टाकू दिली जात नव्हती, त्यांच्यासाठी. बाबांचा सगळा खटाटोप असाच. हातात खराटा, अंगावर चिंध्या, दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून माणसांसाठी निवारा. स्वतः राहिले उघड्यावर.

१९४९ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणाला दोन वर्षं झाली असताना, गाडगेबाबांनी ती धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या नावे करून दिली. बाबासाहेब देवळाकडे पाठ फिरवून बसलेले, धर्म बदलणार म्हणून जाहीर केलेले, हे गाडगेबाबांना ठाऊक होतं. त्यांनी अट घातली नाही. जिथे चोखोबांच्या माणसांना वारीपुरती रात्र काढायला मिळावी म्हणून भिंती उभ्या केल्या होत्या, तिथे आता त्यांची मुलं शिकायला राहणार होती.